उटणं की उतणं

॥ श्री ॥

मुक्काम सारंगखेडे, तालुका शहादे,
जिल्हा पश्चिम खानदेश.
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६४
(ता. २६ मार्च १९४३)

लाडकंवर भाभीस,

धनुचा नमस्कार. कोण धनु, असं विचारू नकोस. रनाळ्याच्या दोधू पाटलाची धाकटी. तुमच्या दुकानाच्या मागच्या ओट्यावर बसून तुला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची आणि फी म्हणून खडीसाखर उकळायची, ती. तुला मायना काय लिहावा हेच कळत नव्हतं. तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, आणि जिवलग म्हणावं तर सोळा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. म्हणून नुसतं भाभी लिहिलं आहे. तेवढा हक्क राहिला असेल तर ठेव.

इकडे सगळी बरी आहेत. तापीला पाणी कमी झालं आहे, कलिंगडांच्या वाड्या भरल्या आहेत. आमच्या घरातल्यांना, म्हणजे पितांबररावांना, खोकला होता तो होळीला गेला. थोरला मुलगा इंग्रजी पहिलीत गेला, धाकटा अजून आंब्याच्या झाडावर असतो. लढाईमुळे घासलेट मिळत नाही आणि कागद तर डोळ्यांनी दिसत नाही. हे पत्र मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. मागे भागाकार दिसले तर दुर्लक्ष कर, बहुतेक चुकलेलेच आहेत.

सुगनचं लग्न ठरल्याचं कळलं. आपल्याकडची आखाजी, पंचांगातली अक्षय तृतीया, ती तुमची आखातीज, त्याच दिवशी मुहूर्त आहे ना? मी पाहिली तेव्हा ती टोपड्यात मावत होती. फार आनंद झाला, हे अगदी खरं आहे.

बातमी आणली आमच्या शेजारच्या कौसाबाईने. तिची लेक तळोद्याला तुमच्याच गल्लीत दिली आहे. तिने बस्ता सांगितला, दागिने सांगितले, पंगतीला काय काय होणार तेही सांगितलं, आणि जाता जाता म्हणाली, "पन एक नवल शे. नवरीनी पीठी वाटाले नंदुरबारथीन बाई येवाव शे. माय घरमा बठेल शे, पन पाटाले हात लावत नही. म्हनस, मन्हा हात बरा नही."

भाभी, मी तेव्हा दाणे पाखडत होते. सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन बसले. कौसाबाईला वाटलं मला भोवळ आली.

रनाळ्यात तुझ्या हातच्या पीठीशिवाय, उटण्याच्या त्या लेपाशिवाय, कुणाची पोर बोहल्यावर चढत नव्हती. चारोळी रात्रभर दुधात भिजवायची, मसुराची डाळ वेगळी, आंबेहळद, वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, निमाचा कोवळा पाला अगदी चार पानं, आणि वाटताना हात एकाच बाजूने फिरवायचा. तू मला सांगायचीस, "बाईसा, उलटा हात फिरवला की लेप फाटतो." लेप कसा फाटेल, म्हणून मी हसायचे. तुझ्या ओट्यावर सुनाबाळींची रांग असायची आणि तुझ्या सासूबाई हुलासबाई आतून म्हणायच्या की सून आली आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा तोंडं जास्त झाली. त्यांना अभिमानच होता तुझा. तोच हात आता बरा नाही, असं तू म्हणतेस, आणि ते तुला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे.

आता सरळ लिहिते. आडवळणं घ्यायला वहीत पानं उरली नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीचं, गजराचं, लग्न भिलारावांशी ठरलं तेव्हा त्यांच्या आईने सुपारी फोडतानाच म्हटलं होतं, "पोर कामनी शे, पन काई शे." गजरा सावळी आहे ती आहे, त्यात काळी म्हणण्यासारखं काही नव्हतं. पण आमच्या आईला ते लागलं. गजराने चुलीपुढून उत्तर दिलं होतं, "मन्हा रंग मन्हा शे, तुम्हले काय करनं शे?" तिचं कुणी ऐकलं नाही. आईने मला तुझ्याकडे पिटाळलं. सुगन तेव्हा महिन्याचीही नव्हती, तुला सोयरातून बाहेर पडता येत नव्हतं. तू सगळं भिजवून, पितळी डब्यात घालून, वर चिठ्ठी ठेवून पाठवलंस. चिठ्ठीत एकच ओळ होती. "गजराबाईला उतणं पाठवते."

उतणं, म्हणजे अंगावर फोड उठणं. मी भर ओसरीवर वाचून दाखवलं आणि सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. कुणाला सांगितलं नाही की तुला ट येत नव्हता, कारण मी शिकवलाच नव्हता. तुझ्या नावाची अक्षरं आधी शिकवली, मग ज्या अक्षरांचे शब्द मला आवडायचे ती, आणि ट राहूनच गेला. तू आपली जवळचा म्हणून त लिहून मोकळी झालीस. मास्तरीण हसली आणि शिष्याची फजिती झाली.

आता वाटायचं कुठे? घरातला पाटा मसाल्याने लाल झालेला, चार बाया त्याला चिकटलेल्या. तू निरोप दिला होतास की मसाल्याच्या पाट्यावर वाटू नको, तोंड भाजेल. म्हणून मी शहाणपणा केला. गोठ्याच्या भिंतीशी एक लहान पाटा-वरवंटा होता तो उचलला. राखेने घासला, दोनदा धुतला, आणि त्यावर तुझा लेप छान, एकाच बाजूने हात फिरवून वाटला. गजराच्या तोंडाला मीच चोपडला. ती नको नको म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजराचं तोंड सुजून डोळे मिटले होते. गालांवर फोड, कपाळावर फोड. हळद चार दिवसांवर आलेली. आई ओरडली, "हाई काय व्हयनं व? माय उनी, निमना पाला लई या." माय म्हणजे देवी आल्या असं समजून घरात धावपळ सुरू झाली, आणि तेवढ्यात आमचे आबा गोठ्यातून आले नि म्हणाले, "हाऊ वरवंटा कोनी धोया? त्यानावर मी बैलना खुरसाठे बिबा कुटेल व्हता."

ते कुणाला उद्देशून बोलले नव्हते. घाईत कुणी ऐकलंही नाही. मी ऐकलं. माझ्या दोन्ही हातांच्या बोटांच्या बेचक्यांत तेव्हा आग होत होती आणि बारीक फोड उठले होते. ते मी लुगड्याच्या पदरात लपवले. बिब्ब्याचं तेल राखेने जात नाही आणि पाण्यानेही जात नाही. धोबी कपड्यांवर खूण करतो ती वर्षभर धुऊन जात नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. बिबा उतला होता, भाभी. तुझा लेप नाही.

दुपारी म्हातारी सुईण येऊन बघून गेली. म्हणाली, ही माय नव्हे, हे लावण्यातलं काहीतरी आहे. झालं. आईने मला समोर उभं केलं आणि विचारलं, "लाडकंवरनी काय टाकं व त्यामा?"

मी म्हटलं, "माले काय माहीत."

तीन शब्द. सगळं त्यातच झालं. आईला तुझी चिठ्ठी आठवली. ती गल्लीभर सांगत सुटली की मारवाडणीने चिठ्ठीतच लिहिलं होतं, उतनं पाठवते म्हणून, तिने जाणूनबुजून पोरगी उतवली. मी शेजारी उभी होते. ट आणि त यांतला फरक त्या गल्लीत एकट्या मला माहीत होता आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. आई मारेल ही भीती होती, आबा काय म्हणतील ही होती, आणि खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा मीच जास्त हुशार आहे असं जे मला वाटायचं ते मोडेल, हीसुद्धा होती.

गजराच्या सासरी मात्र लेपाचं नावही काढलं नाही. पोरगी उजळायला निघालो होतो हे त्यांना कळलं असतं तर आयुष्यभर बोलले असते. तिकडे कळवलं की माय आली होती. ती माणसं भली, महिनाभर थांबली. खोबरं आणि तीळ वाटून लावून लावून तोंड तीन आठवड्यांत साफ झालं, कानाजवळ मुगाएवढा डाग राहिला. लग्न लागलं. गजराचं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते तुझं. तुझ्या ओट्यावरची रांग मोडली, आईने तुमच्या दुकानाची पायरी सोडली, तिच्यामागे अर्ध्या गल्लीने सोडली, आणि वर्षभरात तुझ्या सासऱ्यांनी, अमरचंद शेठजींनी, बिऱ्हाड तळोद्याला हलवलं. गाडीत सामान चढताना मी खिडकीतून बघत होते. तू एकदा वर बघितलंस. मी मागे सरले.

चौदाव्या वर्षी खोटं बोलले ते पोरपण होतं, असं कुणीही म्हणेल. पण तेच खोटं मी सासरी घेऊन आले, दोन मुलांची आई झाले तरी सांभाळलं, ते काही पोरपण नव्हे. गजरा सुखात आहे ना, मग कशाला उकरायचं, असं मी स्वतःला सांगायचे. तुझ्या हाताचं काय झालं असेल, हा विचार मी येऊच दिला नाही. कौसाबाईने तो आणून दारात टाकला.

आता चांगलं सांगते. होळीला मी रनाळ्याला गेले. गजराही आली होती. पुरणपोळीचं ताट पुढे असताना आईला आणि तिला सगळं सांगून टाकलं. गजरा एवढी हसली की तिला ठसका लागला. का, तर तिची सासू मायचा कोप नको म्हणून दर साल तिला उपास धरायला लावते आणि शितळामायला थंडा नैवेद्य दाखवायला लावते. "सोळा वरीस मी बिबाले नैवेद दखाडी ऱ्हायनू व," म्हणाली, आणि डोळे पुसत पुन्हा हसली. मीही हसले, मग रडले, मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सोळा वर्षांत त्या घरात मला अन्न इतकं गोड लागलं नव्हतं.

आई हसली नाही. आई आता थकली आहे, कमरेत वाकली आहे. पुढचं ताट बाजूला सारून म्हणाली, "मन्हाच तोंडथीन गावभर व्हयनं. तिले लिख. मी स्वता तळोदाले जासू नि तिना दारमा सांगसू." भिकुबाई पाटलीण कुणाच्या दारात जाऊन चुकलं म्हणेल, हे मी जन्मात ऐकेन असं वाटलं नव्हतं.

तर भाभी, तुझा हात बरा आहे. तो नेहमीच बरा होता. नंदुरबारच्या बाईला साडीचोळी कर आणि मानाने परत पाठव. सुगनच्या तोंडाला पहिला हात तुझा लागू दे. माझ्यावर रागाव, उत्तर लिहू नकोस, हे पत्र चुलीत घाल, पण तेवढं कर.

हे लिहून झालं आणि मला हलकं वाटतं आहे. तुला लिहून मी हलकी व्हावी हे बरोबर आहे की नाही, कुणास ठाऊक. पण वाटतं आहे ते लपवत नाही. लपवायचं आता पुरे झालं.

तुझी अपराधी, आणि तरीही तुझीच,
धनु



॥ श्री ॥

तळोदे, चैत सुद ७, संवत २०००

धनुबाईसा,

जय जिनेंद्र. पत्र पोचलं. भागाकार तपासले, चारांतले तीन बरोबर आहेत. मुलगा आईपेक्षा सच्चा निघेल.

माझं मराठी तुझ्या हातचं आहे, तेव्हा चुका सापडल्या तर स्वतःच्या समज. ट मी नंतर शिकले, सुगन शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवरून. तेव्हा कळलं की मी तुला काय लिहून पाठवलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. मला वाटलं, हाताने शाप लिहिला आणि तो लागला.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी राग आला, आणि तो अजून आहे. तू चौदा वर्षांची होतीस हे मी जाणते, पण मीसुद्धा सतराचीच होते बाईसा, परमुलखात आलेली, आणि त्या अख्ख्या गावात माझं म्हणावं असं माणूस तू एक होतीस. गाडीत बसताना मी वर बघितलं ते तू हात हलवशील म्हणून बघितलं. हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते. तिसऱ्या वेळी वाचलं तेव्हा रडू आलं. ते रडू वाईट नव्हतं, इतकंच सांगते.

पण तू एकटीनेच सोळा वर्षं काही लपवलं असं समजू नकोस. गजराबाईंचं तोंड कशाने उठलं याचा मी रात्रंदिवस विचार केला आणि शेवटी ठरवलं की चारोळीतच काहीतरी आलं. चारोळी आम्ही तळोद्याच्या हाटातून आणायचो, डोंगरातल्या रमिलाबाईकडून. ती बिबेही विकते. मी मनाशी धरलं की तिने दोन्ही एका टोपलीत भरले. सासरेबुवांना सांगितलं, त्यांनी तिच्याकडचा माल बंद केला. इथे राहायला आल्यावर ती दर हाटाला आमच्या दुकानासमोरून टोपली घेऊन जायची आणि मी आत वळायची. तू खिडकीतून मागे सरलीस, मी दारातून सरले. तुला काय बोलू?

परवाच्या हाटात गेले. रमिलाबाईपुढे खाली बसले आणि सांगितलं की तुझ्या मालाला मी नाहक बोल लावला होता. तिला आमची भाषा थोडी येते, मला तिची थोडी. ती म्हणाली, आम्ही बिब्ब्याची टोपली चारोळीच्या झोपडीतसुद्धा ठेवत नाही, माझी आईही ठेवत नव्हती. मग म्हणाली, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं." एवढंच. मी मापटंभर चारोळी मागितली. तिने बरोबर काठोकाठ मापून दिली, वर एक दाणा जास्त टाकला नाही. मी घेतली आणि पुढच्या हाटालाही येते म्हटलं.

नंदुरबारच्या बाईला नको म्हणून निरोप गेला. सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांना आता ऐकू कमी येतं, मोठ्याने वाचावं लागलं, त्यामुळे शेजाऱ्यांनीही ऐकलं. बरंच झालं. सासूबाई उठल्या, माझा लग्नात आणलेला पाटा त्यांनी सोळा वर्षं पेटीमागे उभा करून ठेवला होता, तो स्वतः ओढत ओढत माझ्यापुढे आणून टाकला आणि माळ जपत बसल्या.

तुला एक गोष्ट माहीत नाही. सुगन तान्ही होती तेव्हापासून तिला तेल-उटणं सासूबाईच लावायच्या. मी पाणी घालायची. तिच्या तोंडाला मी कधी माझा हात घासू दिला नाही. पोटची पोर, बाईसा. ताप आला तर कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायची ती दोन बोटांनी, कडेला धरून. तिला वाटायचं आपली आई कोरडी आहे. तिने मला एकदा तसं म्हटलंही होतं.

काल लेप वाटला आणि तिला समोर बसवलं. पहिल्यांदा माझे हात उचलतच नव्हते. मग लावला. कपाळाला, गालांना, हनुवटीला, हळूहळू. ती डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "मा, थारा हाथ कितरा ठंडा है." मी धुऊन काढायची वेळ झाली तरी हात काढला नाही, लेप सुकून तडकला तेव्हा तीच हसायला लागली.

तिचं तोंड स्वच्छ आहे. काल लावला, आज पुन्हा बघितलं, काही नाही. हे पत्र त्यासाठीच एक दिवस राखून ठेवलं होतं.

आखातीजेच्या चार दिवस आधी या. गजराबाईंना आणा, त्यांच्या कानाजवळचा डाग मला बघायचा आहे. तुझ्या आईला बैलगाडीत गादी घालून आण, पण दारात उभं राहून काही सांगायचं नाही म्हणावं, आत येऊन बसायचं. तुझ्यावरचा राग मी टपालाने पाठवत नाही, त्याला समोर माणूस लागतं. तो निवेपर्यंत तुला परत जाऊ देणार नाही, म्हणून कपडे जास्त आण.

सुगनची मा,
लाडकंवर